भाड्याच्या फ्लॅटचं लोन: हप्ता तोच, पण मुदत ९ वर्षांनी वाढवून टाकली. कायद्यानं काही होते का?

मनीषनगर_टूबीएचके
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहून राहिलो कारण रात्री झोप लागत नाहीये. मार्च २०२१ मध्ये नागपुरात मनीष नगरला टू बीएचके घेतला, भाड्यानं द्यायलाच घेतला, मिहानमधली दोन पोरं राहतात, भाडं १५,००० येते. लोन २८ लाख, २० वर्षं, ७.२५ टक्के फ्लोटिंग, हप्ता २२,१३१. बाबा को-बॉरोअर आहेत. लोन बँकेचं नाही, एका हाउसिंग फायनान्स कंपनीचं आहे (नाव लिहीत नाही).

२०२२ मध्ये रेट वाढायला लागले, इथपर्यंत समजू शकतो, सगळ्यांचेच वाढले. पण हप्ता तेवढाच कटत होता म्हणून मी लक्षच दिलं नाही. जून २०२३ मध्ये इन्कम टॅक्ससाठी स्टेटमेंट काढलं तर रेट ९ टक्के आणि उरलेले हप्ते ३२१! अरे २७ भरले होते, २१३ उरायला पाहिजे होते ना. ब्रँचला गेलो तर म्हणाले सिस्टीमनं ऑटोमॅटिक केलं, एसएमएस पाठवला होता. २०२४ मध्ये पुन्हा गेलो तर ५,९०० रुपये कन्व्हर्जन फी घेऊन ८.८५ केलं आणि त्यानंतर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं चार वेळा रेट कमी केले तरी माझा ८.८५ चा ८.८५. त्याच कंपनीची जाहिरात नवीन ग्राहकाला साडेसात पावणेआठची चालू आहे.

आज ५८ हप्ते झाले. १२ लाख ८३ हजार भरले आणि बाकी आहे २६ लाख १० हजारच्या आसपास, म्हणजे मुद्दल जेमतेम १ लाख ९० हजार फिटली. उरलेले हप्ते २७८ दाखवून राहिले. बाबा ६६ वर्षांचे आहेत, ते रोज एकच विचारतात की माझ्या सहीवर हे झालं का. कोणी भाड्याच्या घरावर असं भांडून पाहिलं आहे का? कंझ्युमर कोर्ट, हायकोर्ट, काहीही. निकाल काय लागला ते सांगा.

जरीपटका_रेंट
भाऊ सेम टू सेम. माझे १८० चे २५२ केले होते. मी बोंबाबोंब न करता बॅलन्स ट्रान्सफर केलं, म्हणजे लोन दुसरीकडे नेलं, आणि मोकळा झालो. फॉलो करून राहिलो धागा.

रिटायर्ड_शाखाधिकारी
मनीषनगर, मी ३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची ११ कर्ज विभागात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो, घाई करू नकोस.

आधी हे समजून घे की बँक आणि हाउसिंग फायनान्स कंपनी यांना एकच नियम नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवीन फ्लोटिंग गृहकर्ज बाहेरच्या बेंचमार्कला, म्हणजे बँकेच्या हातात नसलेल्या दराला, जोडणं सक्तीचं झालं, बहुतेकांनी रेपो घेतला, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना पैसे देते तो दर. म्हणून बँकेच्या ग्राहकाला मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये ४ चा ६.५० झालेला रेपो पूर्ण सोसावा लागला, पण फेब्रुवारी २०२५ ते डिसेंबर २०२५ मध्ये तोच ५.२५ वर आला तेव्हा सव्वा टक्का परतही मिळाला, तीन महिन्यांतून एकदा तरी रीसेट करावाच लागतो. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना ही सक्ती नाही. त्यांचा स्वतःचा पीएलआर, म्हणजे मूळ दर, असतो, तो कधी किती हलवायचा हे त्या ठरवतात. तुझ्या करारात नक्की तेच लिहिलेलं असणार. जाहिरातीतला नवीन ग्राहकाचा रेट कमी कसा, तर पीएलआर तोच ठेवतात आणि त्यातून वजा करायची सूट नवीन माणसाला जास्त देतात. जुना माणूस जुन्या सुटीवरच बसून राहतो.

बँका साव होत्या असंही नाही बरं का. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेच्याच अभ्यासगटानं, डॉ. जनक राज त्याचे अध्यक्ष होते, अहवाल दिला की बेस रेट आणि एमसीएलआर, म्हणजे बँकांचे तेव्हाचे मूळ दर, काढताना बँकांनी ठरलेली पद्धत सोडून मनमानी केली. त्यातूनच हा बाहेरच्या बेंचमार्कचा नियम आला. मी त्या काळात खुर्चीवर होतो, लोक काउंटरवर येऊन विचारायचे की रेट कमी झाल्याचं पेपरात आलं मग आमचा का नाही, आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. ते अजून टोचते.

आता तुझ्या कामाचं. १८ ऑगस्ट २०२३ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे, फ्लोटिंग रेटच्या रीसेटवर, आणि ते हाउसिंग फायनान्स कंपन्यांनाही लागू आहे. त्यात आहे की रेट वाढला की हप्ता किंवा मुदत किंवा दोन्ही किती बदलणार ते लगेच कळवायचं, हप्ता वाढवायचा की मुदत की दोन्ही थोडं थोडं हे ग्राहकाला निवडू द्यायचं, त्यांच्या बोर्डाच्या धोरणाप्रमाणे फिक्स्डवर जायचा पर्याय द्यायचा (हे तेव्हा सक्तीचं होतं, ऑक्टोबर २०२५ पासून ऐच्छिक झालं), आणि दर तीन महिन्यांनी स्टेटमेंट द्यायचं ज्यात आजवर कापलेलं मुद्दल आणि व्याज, हप्ता, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर सगळं असेल. जुन्या कर्जांनाही ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत लागू करायचं होतं. तुझी मुदत जून २०२३ पर्यंतच वाढून बसली होती, परिपत्रक त्यानंतरचं, हे कंपनी नक्की म्हणणार. पण डिसेंबर २०२३ पर्यंत तुला पर्याय कळवायचे होते ते कळवले का हा प्रश्न उरतोच. तसं पत्र आलं होतं का?

मनीषनगर_टूबीएचके
काका नाही ना. पत्र नाही, मेल नाही. एसएमएस आहे एक, इंग्रजीत, "युवर टेनर हॅज बीन रिवाइज्ड" एवढंच, किती ते पण नाही. बाबांना इंग्रजी वाचता येत नाही, ते तर सही पण मराठीत करतात.

वकीलताई_सिव्हिललाइन्स
मराठीत सही करतात हे छोटं समजू नका. हाउसिंग फायनान्स कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेची मास्टर डायरेक्शन, म्हणजे एकत्रित नियमावली, आहे, त्यातल्या फेअर प्रॅक्टिस कोडमध्ये व्याजदरासकट अटींतला बदल कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत कळवायला सांगितलं आहे आणि बदल पुढच्या तारखेपासूनच लागू करायचा आहे, मागच्या नाही. तक्रारीत हा मुद्दा वर घ्या.

मी नागपूर खंडपीठात आणि ग्राहक आयोगात दोन्हीकडे काम करते, आणि असे घरमालक दर महिन्याला येतात. बहुतेकांचं पहिलं वाक्य असते "रेट अवाच्या सवा आहे". मी त्यांना तिथंच थांबवते. बँकिंग रेग्युलेशन अॅक्टचं कलम २१ए आहे, बँकेनं लावलेलं व्याज जास्त आहे एवढ्या कारणावरून कोर्ट तो व्यवहार पुन्हा उघडत नाही. ते कलम बँकिंग कंपनीपुरतं आहे, हाउसिंग फायनान्स कंपनीला सरळ लागत नाही, पण करारात "वेळोवेळी कंपनी ठरवेल तो पीएलआर" असं लिहून तुम्ही सही केली असेल तर तिथंही नुसत्या "रेट जास्त आहे" वर काही हातात पडत नाही. भांडण जिंकलं जातं ते दुसऱ्या जागी: करारात एक लिहिलं आणि केलं दुसरं, कळवायचं होतं ते कळवलं नाही, निवड द्यायची होती ती दिली नाही, घ्यायची नव्हती ती फी घेतली. म्हणून सगळ्यात आधी सँक्शन लेटर, करार, त्याची शेड्यूल आणि पूर्ण एसओए (खात्याचा उतारा) मागवा, पहिल्या दिवसापासूनचा, रेट बदलल्याच्या तारखांसकट.

लक्ष्मीनगर_ते_बर्मिंगहॅम
ताईंनी अगदी नेमकं सांगितलं. मी मूळचा लक्ष्मी नगरचा, १४ वर्षं झाली इकडे इंग्लंडात, बर्मिंगहॅमला. इथं घरमालकांची एक केस फार गाजली, माझ्या घरापासून थोड्या अंतरावरच्या कंपनीची आहे म्हणून मला जवळून माहीत आहे, ती सगळ्यांनी वाचावी अशी आहे.

वेस्ट ब्रॉमविच मॉर्गेज कंपनी म्हणून इथली एक कर्ज देणारी कंपनी. तिनं २००८ च्या आसपास भाड्याच्या घरांवर ट्रॅकर लोनं दिली होती, म्हणजे ठरावीक काळानंतर बँक ऑफ इंग्लंडचा बेस रेट अधिक एक ठरलेला टक्का, मार्क अलेक्झांडर नावाच्या घरमालकाच्या ऑफर लेटरमध्ये तो १.९९ होता, मुदत संपेपर्यंत. मग मार्च २००९ मध्ये बेस रेट अर्ध्या टक्क्यावर आला आणि या लोकांना अडीच टक्क्यांच्या खाली कर्ज पडायला लागलं, कंपनीला ते परवडेना. सप्टेंबर २०१३ मध्ये कंपनीनं पत्र काढलं की ज्यांच्याकडे तीन किंवा जास्त भाड्याची घरं आहेत त्यांचा वरचा टक्का आम्ही वाढवतो, जवळजवळ दोन टक्क्यांनी, डिसेंबरपासून. बेस रेट हललेला नाही हे लक्षात घ्या! हजारो घरमालक होते. कंपनीचं म्हणणं काय, तर ऑफर लेटरसोबत आम्ही एक छापील अटींचं पुस्तक दिलं होतं, त्यात बाजारातल्या कारणांसाठी रेट बदलता येतो असं आहे आणि एक महिन्याची नोटीस देऊन सगळं कर्ज परत मागता येते असंही आहे.

या घरमालकांनी एकत्र येऊन वर्गणी काढली आणि अलेक्झांडर त्यांच्या वतीनं कोर्टात गेला. जानेवारी २०१५ ला हायकोर्टात हरले. कोर्ट म्हणालं दोन्ही कागद एकत्र वाचले तर विसंगती नाही. इथंच बरेच लोक थांबले असते. हे लोक अपिलात गेले आणि ८ जून २०१६ ला कोर्ट ऑफ अपीलनं निकाल उलटा फिरवला. कारण त्या पुस्तकातच लिहिलं होतं की ऑफर आणि अटी यांत विसंगती असेल तर ऑफर चालेल. ऑफरमध्ये "बेस रेट अधिक १.९९" असं ठाम लिहिलेलं, मग छापील पुस्तकातली रेट बदलायची अट त्याच्याशी जुळत नाही, तसंच २५ वर्षांचं कर्ज एका महिन्याच्या नोटिशीवर परत मागणंही जुळत नाही. कंपनीनं नंतर २ कोटी ७५ लाख पौंड परत करायचं जाहीर केलं.

मी तो निकाल दोनदा वाचला. कोर्टानं "घरमालकांवर अन्याय झाला" असं कुठं भावनेनं म्हटलेलं नाही, शब्दाला शब्द लावून पाहिलं. आणि उलटं उदाहरणही आहे: २००१ ची पॅरागॉन फायनान्स विरुद्ध नॅश. तिथं करारातच रेट ठरवायचा अधिकार कंपनीला होता. कोर्टानं एवढं मान्य केलं की तो अधिकार लबाडीनं, लहरीपणानं किंवा मनमानी वापरता येणार नाही, ही अट न लिहिताही करारात असते, पण त्या कर्जदारांना त्याचा फायदा झाला नाही, कारण कंपनी पैशाच्या अडचणीत होती म्हणून तिनं रेट वाढवले होते.

मनीषनगर_टूबीएचके
बापरे. म्हणजे माझा कागद पॅरागॉनसारखा निघाला तर?

वकीलताई_सिव्हिललाइन्स
इकडचे बरेचसे कागद पॅरागॉनसारखेच असतात, हे मी स्पष्टच सांगते. म्हणून रेटवर सरळ हल्ला करण्यापेक्षा प्रक्रियेवर करा. तरी सँक्शन लेटर शोधाच, कधी कधी त्यात "पीएलआर वजा इतके टक्के" असा स्प्रेड ठाम लिहिलेला असतो आणि प्रत्यक्षात मध्येच तो बदललेला सापडतो. तसं सापडलं तर तुमची केस अलेक्झांडरच्या जवळ जाते. परदेशी निकाल आपल्या कोर्टावर बंधनकारक नसतो, पण वाचून दाखवता येतो, आणि संदिग्ध अट लिहिणाऱ्याच्या विरुद्ध वाचायची हे तत्त्व आपल्याकडेही आहे.

इतवारी_गाळा
माह्यावालं पण ऐका मंग. मी हरलो हाव, पण सांगतो कारण दुसऱ्याचे पैसे वाचतीन.

माह्या बापानं घेतलेला इतवारीतला गाळा हाये, भाड्यानं देला हाये. २०२२ मधी त्यावर एका एनबीएफसीकडून (बँक नसलेली फायनान्स कंपनी) ४५ लाखाचं लोन उचललं, धंद्यासाठी, कागदावर तसंच लिवलं. रेट फ्लोटिंग. दोन वर्षांत त्यायनं रेट दोन टक्क्यानं वाढवला, म्हणून म्या दुसऱ्या बँकेत न्यायचं ठरवलं तर म्हणे ३८ लाख बाकीवर ४ टक्के फोरक्लोजर (मुदतीआधी लोन फेडाचा दंड), वर जीएसटी. १ लाख ७९ हजार ३६० रुपये! भरले, काय करतो, कागद त्याईच्या ताब्यात. मंग जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकली. मले कोणीतरी सांगतलं होतं का फ्लोटिंगवर दंड घेता येत नाई, आरबीआयचा नियम हाये. दीड वर्ष गेलं आणि निकाल आला का तुमी ग्राहकच नाई, कर्ज धंद्यासाठी हाये, तक्रार चालवता येत नाई. दंड बरोबर का चूक ते पाहेलंच नाई कोणी. त्याचंच लई वाईट वाटते.

वकीलताई_सिव्हिललाइन्स
दादा, फार वाईट वाटलं वाचून. तुम्हाला चुकीच्या दारात पाठवलं कोणीतरी. सुप्रीम कोर्टाचा २०२२ चा श्रीकांत मंत्री विरुद्ध पंजाब नॅशनल बँक हा निकाल आहे, धंदा वाढवायला बँकेची ओव्हरड्राफ्ट सोय घेणारा ग्राहक कायद्यातला "ग्राहक" नाही असं त्यात आहे. आयोगांत तो सारखा दाखवला जातो. स्वतःच्या उपजीविकेसाठी चालवलेला छोटा धंदा वेगळा, पण ते तक्रारीत मांडावं लागते आणि पुराव्यानं दाखवावं लागते.

तुमच्याकडे अजून एक रस्ता आहे का ते पाहू. पैसे भरले त्या तारखेपासून दिवाणी दाव्याला तीन वर्षं मिळतात, आणि चुकीच्या फोरमसमोर प्रामाणिकपणे गेलेला वेळ मुदत कायद्याच्या कलम १४ नं वगळून मागता येते. पण दावा टिकेल का हे तुमच्या करारातल्या कर्जाच्या उद्देशावर आणि फोरक्लोजरच्या अटीवर आहे. निकालाची प्रत घेऊन एखाद्या दिवाणी वकिलाला लवकर भेटा, बसून राहू नका.

रिटायर्ड_शाखाधिकारी
इतवारी भाऊ, तुमच्यावेळी नियमातच ती फट होती. २०१९ मध्ये एनबीएफसींना जो दंड बंद केला तो व्यक्तीनं "धंद्याशिवाय इतर कारणासाठी" घेतलेल्या फ्लोटिंग कर्जावर. धंदा लिहिला की संरक्षण गेलं. आता जुलै २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नवीन निर्देश काढले, त्यात व्यक्तींनी आणि सूक्ष्म-लघु उद्योगांनी धंद्यासाठी घेतलेल्या फ्लोटिंग कर्जावरही बहुतेक बँकांना दंड घेता येणार नाही, काही छोट्या बँका आणि मधल्या गटातल्या एनबीएफसींना ५० लाखांपर्यंतच्या कर्जावर. पण हे १ जानेवारी २०२६ किंवा त्यानंतर मंजूर झालेल्या वा नूतनीकरण झालेल्या कर्जांना आहे. गाळ्यावर, दुकानावर आता लोन घेणाऱ्यांनी मंजुरीची तारीख नीट पाहावी, आणि कागदावर उद्देश काय लिहिला ते सही करण्याआधी वाचावं, एजंट भरतो ते भरू देऊ नये.

बेसा_२०१९
मी कधी लिहीत नाही, पण हे वाचून लिहिते. रागाच्या भरात हप्ता थांबवू नका प्लीज. माझ्या मिस्टरांनी तेच केलं. बेसाचा फ्लॅट भाड्यानं होता, रेट वाढवला म्हणून त्यांनी कंपनीला मेल केला की आधी उत्तर द्या मगच हप्ता देतो. उत्तर आलंच नाही, चार हप्ते थांबले, आणि एक दिवस भाडेकरूचा फोन आला की दाराला नोटीस लावून गेले. तिच्या घरात सहा महिन्यांचं बाळ होतं, ती रडत होती फोनवर. आम्हाला तोवर वाटत होतं की आपली बाजू बरोबर आहे तर काही होणार नाही.

९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत, होते. मग सरफेसी कायद्याच्या (तारण ठेवलेलं घर ताब्यात घ्यायचा कायदा) १३(२) ची ६० दिवसांची नोटीस येते. आमच्या वकिलांनी लगेच १३(३ए) खाली हरकत लिहून दिली, त्यात व्याजाचा सगळा हिशोब मांडला, त्याचं उत्तर त्यांना १५ दिवसांत द्यावंच लागते. उत्तर नकाराचं आलं, पण त्या उत्तरातच पहिल्यांदा आम्हाला रेट कधी किती बदलला त्याचा तक्ता मिळाला. जो आम्ही आठ महिने मागत होतो! शेवटी माझे दागिने ठेवून थकबाकी भरली, खातं पूर्ववत झालं. पण दोघांचाही सिबिल असा पडला की पुढे दोन वर्षं कुठलीच बँक ट्रान्सफर घ्यायला तयार नव्हती, त्याच रेटवर राहावं लागलं.

वकीलताई_सिव्हिललाइन्स
ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. कायदा असा आहे की १३(४) खाली ताब्याची कारवाई झाली तर ४५ दिवसांत डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) कलम १७ चा अर्ज करता येते, नागपूरला डीआरटी आहे, पुणे-मुंबईला जायची गरज नाही. पण तिथं तुम्ही थकबाकीदार म्हणून उभे असता, आणि व्याजाचा वाद थकबाकीदाराच्या तोंडून ऐकला जातो तेव्हा त्याचं वजन अर्धं होते. हप्ता "हरकत राखून" भरत राहा, तसं लेखी कळवा.

भाडेकरूंबद्दल घरमालकांनी दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, बहुतेक कर्ज करारांत घर भाड्यानं द्यायला कर्ज देणाऱ्याची परवानगी लागते. ती घेतलेली नसेल तर तक्रार केल्यावर समोरचा पहिल्यांदा तेच काढतो. दोन, भाडेकरार नोंदणी करूनच करा, आपल्याकडे महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचीही नोंदणी सक्तीची आहे. सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये विशाल कलसरिया प्रकरणात भाडे नियंत्रण कायद्याखालच्या भाडेकरूला सरफेसीनं सरळ बाहेर काढता येत नाही असं म्हटलं, पण २०१९ मध्ये बजरंग अग्रवाल प्रकरणात नोंदणी नसलेल्या, तोंडी भाडेकरूचं संरक्षण खूप आखडलं. भाडेकरूचं बाळ रडते तेव्हा हे सगळं फार खरं असते.

मनीषनगर_टूबीएचके
माझ्याकडे परवानगी नाही :( एजंट म्हणाला होता "सेल्फ ऑक्युपाइड टाका, लवकर होते". आता?

वकीलताई_सिव्हिललाइन्स
आता खोटं वाढवू नका. कंपनीला साधं पत्र द्या की घर अमुक तारखेपासून नोंदणीकृत कराराने दिलं आहे, प्रत जोडली आहे, नोंद घ्यावी. हप्ते वेळेवर आहेत त्यामुळे सहसा कोणी काही करत नाही. पण तक्रारीच्या आधी हे पत्र जाऊ द्या.

जरीपटका_रेंट
टॅक्समध्ये दाखवता ना भाडं? नवीन पद्धतीत भाड्याच्या घराचं व्याज भाड्यापुरतंच वजा होते, तोटा पगारातून कमी करता येत नाही. जुनीत २ लाखांपर्यंत होते. ते पण बघून घ्या.

रिटायर्ड_शाखाधिकारी
मनीषनगर, मी तुझा हिशोब मांडून पाहिला. बाकी २६.१० लाख, हप्ता २२,१३१. रेट ८.८५ असेल तर २७८ हप्ते, ७.६० मिळाला तर २१८. फक्त सव्वा टक्का आणि ६० हप्ते, म्हणजे १३ लाखांवर रुपये. सुरुवातीच्या वर्षांत हप्ता जवळजवळ सगळा व्याजातच जातो म्हणून एवढासा टक्का मुदत इतकी ताणतो. हे बाबांना कागदावर मांडून दाखव, त्यांच्या सहीमुळे काही झालेलं नाही हे त्यांना आकड्यांतून कळेल.

आणि तक्रार कुठं करायची ते: आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी, पोच घेऊन. महिनाभरात समाधान नाही झालं तर हाउसिंग फायनान्स कंपनीची तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेकडे, त्यांचं ग्रिड्स नावाचं ऑनलाइन पोर्टल आहे. रिझर्व्ह बँकेची लोकपाल योजना बँकांना आणि एनबीएफसींना आहे, हाउसिंग फायनान्स कंपन्या त्यातून वगळल्या आहेत. संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत अर्ज घेऊन जाणारे खूप भेटतात, तिथं जायची गरज नाही, आणि बँकवाल्यांचंही लोकपालाचं काम ऑनलाइनच होते.

लक्ष्मीनगर_ते_बर्मिंगहॅम
तक्रारींचं महत्त्व सांगायला एकच भर घालतो. शेजारच्या आयर्लंडमध्ये बँकांनी हजारो लोकांना त्यांच्या हक्काचे ट्रॅकर रेट नाकारले होते, घरमालक आणि राहते घरवाले दोन्ही. सुरुवातीला एकेकट्यानं तक्रारी केल्या, बँका नाही म्हणत राहिल्या. २०१५ मध्ये तिथल्या सेंट्रल बँकेनं सगळ्या बँकांची तपासणी लावली आणि ४० हजारांवर खाती सापडली. काही लोकांची घरं गेली होती तोवर. बँक ऑफ आयर्लंडला २०२२ मध्ये १० कोटी ५ लाख युरो दंड झाला. एकट्याची तक्रार वाया जात नाही, ती कुठंतरी नोंदली जाते आणि मोजली जाते.

मनीषनगर_टूबीएचके
अपडेट द्यायला उशीर झाला, माफ करा सगळ्यांनी.

सँक्शन लेटर आईच्या कपाटात साड्यांखाली सापडलं. स्प्रेड ठाम लिहिलेला नव्हता, ताई म्हणाल्या तसा "वेळोवेळी" वालाच कागद. भाड्याचं पत्र आधी दिलं. मग तक्रार दिली, मराठीत दिली, बाबांच्या सहीनं. मुद्दे तीनच ठेवले: ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे पर्याय दिले नाहीत, तिमाही स्टेटमेंट दिलं नाही, बाबांना समजेल अशा भाषेत कळवलं नाही. रेट जास्त आहे असं कुठंच लिहिलं नाही. पहिलं उत्तर आलं ते करारातलं कलम चिकटवून, इंग्रजीत. मग ग्रिड्सवर टाकली. तीन आठवड्यांनी कंपनीचाच फोन, रेट ८.१० करून देतो, फी नाही, तक्रार मागे घ्या. काका तुमच्याच पद्धतीनं मांडलं तर ८.१० ला २३७ हप्ते येत होते. बाबा म्हणाले, एवढे दिवस का नाही दिला मग?

आम्ही तक्रार मागे घेतली नाही आणि ट्रान्सफर केलं. फेब्रुवारीत एका बँकेचं सँक्शन आलं, रेपोला जोडलेलं, ७.६०, आणि या वेळी घर भाड्यानं आहे असंच लिहून घेतलं. फोरक्लोजरला एक रुपया लागला नाही. स्टॅम्प ड्युटी, नोटीस ऑफ इंटिमेशन, लीगल, टेक्निकल सगळं धरून साडेसतरा हजार गेले. कंपनीनं मूळ कागद द्यायला वेळ लावला तेव्हा मी सप्टेंबर २०२३ चा नियम मेलमध्ये लिहिला, पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत कागद नाही दिले तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, चौथ्या दिवशी कागद आले.

५,९०० ची कन्व्हर्जन फी परत मिळाली नाही. त्यावर लेखी उत्तर आलं आहे की ग्राहकानं स्वेच्छेनं घेतलेली सेवा होती. ताईंना दाखवलं, त्या म्हणाल्या तेवढ्यासाठी आयोगात जायचं की नाही ते बाबांवर सोडा.

इतवारी_गाळा
लई मस्त झालं भाऊ. म्या पण दिवाणी वकील गाठला, कलम १४ चं त्यायनं पण हो म्हटलं. पुढच्या महिन्यात दावा दाखल करून राहिलो. काय होते ते इथंच लिवतो.

बेसा_२०१९
मराठीत तक्रार दिली हे वाचून फार बरं वाटलं. तिचा मसुदा इथं टाकाल का? नाव, खाते नंबर काढून.

मनीषनगर_टूबीएचके
हो ताई, रविवारी टाइप करून टाकतो.

आणि एक राहिलंच. नवीन बँकेनं फॉर्मवर विचारलं की हप्ता तोच ठेवायचा की वाढवायचा. बाबांनी मला गणित करायला लावलं. २२,१३१ चा २४,४०० केला तर १७८ हप्ते उरतात, म्हणजे शेवटचा मार्च २०४१ ला. पहिल्या सँक्शन लेटरवर तीच तारीख होती. बाबांनी २४,४०० लिहिलं आणि मराठीत सही केली.